वहीत न आलेला ठोर

जशभाई पटेलांनी एकतीस वर्षं गावच्या दूध मंडळीत, म्हणजे सहकारी डेअरीत, दूध तपासलं. पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, दिवसातून दोनदा. माणसं बरण्या घेऊन रांगेत उभी राहत, जशभाई प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेत, काचेच्या नळीत फॅट मोजत आणि आकडा मोठ्यानं सांगत. गुजरातच्या चरोतर भागातल्या त्या गावात निम्मे लोक त्यांचे भाऊबंद, पण "जशकाकांच्या नळीला नातं कळत नाही" असं सगळेच म्हणत. कुणी कौतुकानं म्हणे, कुणी दात खाऊन.

रायजी परमारची गोष्ट तर गावात आजही निघते. एका संध्याकाळी त्याच्या दुधात लॅक्टोमीटर नेहमीपेक्षा खोल बुडाला. जशभाईंनी मान वर न करता विचारलं, "पाणी किती?"

"काका, एवढंसंच हो. पाहुणे आले होते, चहाला थोडं दूध ठेवून घेतलं, म्हणून वर लोटाभर..."

"लोटाभर काय आणि थेंबभर काय! पाण्याला पाणीच म्हणतात."

भरल्या रांगेसमोर रायजीचं दूध परत गेलं आणि पंधरा दिवस त्याचं पुस्तक बंद राहिलं, म्हणजे मंडळीनं त्याचं दूधच घेतलं नाही. त्यानंतर रायजीनं कधी पाणी घातलं नाही, पण जशभाईंच्या ओसरीवर चहाला बसणंही सोडलं.

निवृत्त झाल्यावर जशभाईंचा दिवस नातीभोवती फिरू लागला. हेत्वी सहा वर्षांची. ती बोलत नसे. हाक मारली तर वळून पाहत नसे. पण हिंडोळ्याची कडी करकरली की लांबून धावत येई. कधी कधी कशानं बिनसे कुणालाच कळत नसे, मग दोन-दोन तास किंचाळे, भिंतीवर डोकं आपटे. तिला स्वमग्नता आहे हे ती तीन वर्षांची असताना वडोदऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचा बाप हितेन नैरोबीला नोकरीला, रोज फोनवर दिसे आणि विचारी, "आज कशी होती?" उत्तर द्यायचं काम सुनेचं, पिनलचं. रात्रभर मुलीला धरून बसायचं कामही तिचंच.

त्या वर्षी दिवाळीनंतर झरीनबेन त्यांच्याकडे आल्या. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टर. पारशी, उंच, आवाज खणखणीत. ओसरीवर बसल्या आणि सरळ विषयाला हात घातला.

"पुष्कळ आईबाप सांगतात, गहू आणि दूध बंद केलं की अशी मुलं शांत होतात. काहीजण म्हणतात, सगळं खोटं. मला विचाराल तर मला माहीत नाही. म्हणून तपासायचंय. एकोणतीस घरं घेतलीत, तुमचं तिसावं."

"तपासणार कसं?" जशभाई पुढे सरकले.

"आधी सहा आठवडे गहू नाही, दूध नाही, दुधाचं काहीही नाही. मग दहा आठवडे दर सोमवारी मी वड्यांचं एक पाकीट पाठवीन. रोज एक वडी. एखाद्या आठवड्याच्या वड्यांत गहू-दूध असेल, एखाद्याच्यात नसेल. चव सारखी, रंग सारखा. कोणत्या पाकिटात काय, ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. यादी कुलपात. तुम्ही फक्त लिहायचं: काय खाल्लं, किती झोपली, किती रडली."

जशभाईंना हे ऐकून जे समाधान वाटलं, ते निवृत्तीनंतर प्रथमच. नमुना, तपासणी, आकडा. त्यांनी मांडीवर थाप मारली. "वही मी लिहीन."

त्यांच्या पत्नी हसुबेन आतून ताक घेऊन आल्या होत्या. "दारात तीन म्हशी, आणि घरातल्या लेकराला दूध बंद! म्हशींना काय सांगू?"

"सांग, तपासणी चालू आहे," जशभाई म्हणाले.

पिनल दाराला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "झरीनबेन, मला आशा वगैरे नाही हं. पण एकदाचं कळलेलं बरं. आणंदच्या त्या खास मुलांच्या शाळेत जूनपासून जागा देतो म्हणालेत. तिथे सगळ्या मुलांना एका पंगतीत जेवायला बसवतात, गव्हाची भाखरी, भाजी आणि कपभर दूध. हिला ते चालतं की नाही, ते आधी कळायला हवं. एप्रिलअखेर कळवायचंय."

घर कामाला लागलं. हेत्वीच्या ताटात बाजरीचा रोटला, भात, तेलाची फोडणी. तूप बंद, ताक बंद. पीठ मळायची परात वेगळी काढली. जशभाईंनी वहीत रेघा मारून रकाने पाडले आणि रोज रात्री जेवणाआधी मागच्या वेळेपासूनचं सगळं लिहून काढू लागले. 'सकाळी आठ: अर्धा रोटला, गूळ. साडेदहा: केळ, अर्धं टाकलं.' अक्षर छापल्यासारखं. झरीनबेन दर शनिवारी येऊन वही बघत आणि म्हणत, "दादा, तीसही घरांत अशी वही नाही." जशभाई नको नको म्हणत आणि मनातल्या मनात फुगत.

आणि रोज संध्याकाळी सहाला ते हेत्वीला घेऊन हवेलीत, गावच्या कृष्णमंदिरात, दर्शनाला जात. ही रीत ती तीन वर्षांची असल्यापासूनची. टेरा, म्हणजे गाभाऱ्याचा पडदा, उघडला की ठाकोरजींकडे पाहून ती टाळी वाजवी, एकच. बाहेर पडताना तिथले पुजारी, मुखियाजी, जशभाईंच्या हातावर ठोर या प्रसादाच्या मिठाईचा तुकडा ठेवत. जशभाई तो कपाळाला लावत, अर्धा आपण तोंडात टाकत आणि अर्धा हेत्वीला देत. घरी कुणाच्या हातचं नवं काही न घेणारी ती पोर इथे आपणहून तळवा पुढे करी. जगात कुणाकडेच काही न मागणारी मुलगी आपल्याकडे काहीतरी मागते, या एका गोष्टीवर जशभाईंचा दिवस उभा होता.

ते वहीत आलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. वहीत खाणं लिहायचं होतं, आणि प्रसाद म्हणजे खाणं असं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी धरलं नव्हतं. उपासालाही तो चालतो, आजारालाही चालतो, आणि त्याला नाही म्हणत नाहीत.

पाकिटं सुरू झाल्यावर तिसरा आठवडा हेत्वीला फार वाईट गेला. तीन रात्री कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. जशभाईंनी मनाशी ठरवलं की या आठवड्याची वडी गव्हाची असणार. पण मागच्या दोन आठवड्यांचं लिखाणही मागे-पुढे, कशाशी कशाचा मेळ नाही. गुरुवारी दुपारी पिनलची पर्स खाटेवरून पडली आणि आतून खारीचा चुरा सांडला. मैद्याची खारी.

जशभाई ओसरीवरून उठून आत आले. शेजारच्या दोघीजणी भाजी निवडायला बसल्या होत्या, हितेन फोनवर होता. जशभाईंनी कुणाचीच पर्वा केली नाही.

"हे काय?"

"खारी आहे, पप्पा."

"कुणाला?"

"मला. आणंदला गेले होते, भूक लागली, बस स्टँडवर घेतली. घरात हिच्यासमोर खायची चोरी, म्हणून तिथेच खाल्ली."

"आणि पोरीला एक तुकडा दिलास."

"नाही दिला."

"एवढासा दिला असशील. आईचं काळीज असतं. पण तपासणीत एवढासा नसतो, पिनल बेटा. पाण्याला पाणीच म्हणतात. आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि तू सगळ्यावर पाणी ओतलंस."

फोनमधून हितेन म्हणाला, "पिनल, खरं सांग ना."

पिनलनं नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि खाली बसून चुरा गोळा करायला लागली. "ती खारी मी खाल्ली होती," एवढंच ती पुन्हा म्हणाली. शेजारणींनी भाजी घाईघाईनं आवरली. जशभाईंनी त्या दिवशीच्या रकान्यात लिहिलं: 'खारी? (आईकडून, शंका).' त्या दिवसापासून पिनलही हेत्वीसारखा फक्त बाजरीचा रोटलाच खाऊ लागली. तिला तो पचत नसे, हे हसुबेनना माहीत होतं.

आठव्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी मुखियाजींनी ठोर हातावर ठेवता ठेवता जशभाईंना थांबवलं. "जशभाई, तुमचा तो गिरणीवाला ओळखीचा आहे ना? यावेळच्या पोत्यात पोरकिडे निघाले. त्याला म्हणावं, चांगला मैदा पाठव."

"सांगतो की. कशाला हवाय?"

"घ्या! ठोराला, दुसरं कशाला? पंचवीस वर्षं प्रसाद घेताय आणि विचारताय कशाला!"

मुखियाजी हसत आत गेले. जशभाई पायरीवर उभेच. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मैदा, तूप, साखर. कुणीही, कधीही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. समोर हेत्वीचा तळवा पसरलेला होता.

त्यांनी मूठ मिटली. हेत्वीनं त्यांची बोटं एकेक करून उघडायला सुरुवात केली. तिनं इतक्या जवळून त्यांच्या हाताला कधी हात लावला नव्हता. जशभाईंनी हात मागे घेऊन ठोर बंडीच्या खिशात टाकला, आणि ती पायरीवरच आडवी पडून किंचाळायला लागली. घरी नेईपर्यंत तिनं त्यांच्या मनगटाला तीन ठिकाणी चावे घेतले.

"काय झालं?" पिनलनं विचारलं.

"माहीत नाही. गर्दी होती."

हे त्यांचं पहिलं सरळ खोटं.

त्यांनी मनाशी हिशोबीपणानं विचार केला. झालं ते झालं. आजपासून बंद केलं म्हणजे पुढचं तरी स्वच्छ. दोनच आठवडे राहिलेत. आता सांगून काय मिळणार? झरीनबेनची मेहनत वाया जाईल, घरात तमाशा होईल. दुसऱ्या दिवसापासून ते हवेलीत एकटेच जाऊ लागले.

पण सहा वाजले की हेत्वी चपला घालून फाटकाशी उभी राही. आजोबा तिला न घेता निघाले की सुरू. पहिल्या दिवशी दीड तास, दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी कपाळ फुटलं. जशभाई परत येऊन वही उघडत आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहीत: 'रडणे, दोन तास. डोके आपटणे. कारण: समजत नाही.' लिहिताना त्यांचा हात कापत नसे, याचंच त्यांना नंतर सर्वांत जास्त वाईट वाटे.

शुक्रवारी संध्याकाळी ते हिंडोळ्यावर बसले होते. पिनल येऊन समोर जमिनीवर बसली. हेत्वी रडून रडून तिच्या खांद्यावर झोपली होती.

"पप्पा, एक बोलायचंय."

"बोल."

"मी तुमच्यावर मनातून चिडले होते. त्या खारीवरून. वाटायचं, हे सगळं वेड आहे, गहू-दुधानं काही होत नाही. पण हा आठवडा तुम्ही पाहिलात ना? इतकं तर तिनं कधीच केलं नव्हतं. या आठवड्याच्या वडीत नक्की गहू असणार. म्हणजे तुमचंच खरं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."

जशभाईंनी पायानं हिंडोळा थांबवला.

"आणि मी ठरवलंय," ती मुलीचे केस मागे सारत म्हणाली, "सोमवारी आणंदला फोन करून नाही म्हणून सांगते. तिथे पंगतीत हिच्या ताटावर कोण नजर ठेवणार? घरीच राहू दे. मी आहे ना."

ती वाकली आणि त्यांच्या पायांना हात लावून आत गेली. आजवर जशभाईंच्या पायांना पुष्कळांनी हात लावले होते. त्या दिवशी त्यांना वाटलं, पाय ओढून घ्यावेत आणि कुठेतरी ठेवून द्यावेत, जिथे ते कुणाला दिसणार नाहीत.

हसुबेन जेवायला बोलवायला आल्या. "अहो, काय झालं? चेहरा असा का उतरलाय?"

"काही नाही. भूक नाही."

"काही नाही कसं? सून पाया पडून गेली आणि तुम्ही तोंड असं करून बसलात, जणू तिनं थोबाडीत मारली."

शनिवारी झरीनबेन आल्या. वही उघडून तो आठवडा वाचताना त्यांच्या भुवया वर गेल्या. पिनल चहा ठेवत शाळेबद्दल सांगू लागली.

"घाई करू नका हं," झरीनबेन म्हणाल्या. "यादी अजून कुलपात आहे."

"यादी काय सांगणार, बेन? डोळ्यांना दिसतंय ना."

जशभाई उभे राहिले. बसून सांगता येईल असं त्यांना वाटेना. मंडळीत रायजीही उभाच होता.

"झरीनबेन, ती वही खोटी आहे."

"म्हणजे?"

त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आठवडाभराचे सात तुकडे. त्यांना फेकताही आले नव्हते आणि खाताही. पुडी वहीवर ठेवून ते म्हणाले, "हा ठोर. हवेलीचा प्रसाद. मी तिला रोज देत होतो. पहिल्या दिवसापासून. या आठवड्यात बंद केला, म्हणून ती रडतेय. वडीनं नाही."

"रोज?"

"रोज."

"केवढा?"

जशभाईंनी अंगठ्याचं पेर दाखवलं. "एवढासाच."

शब्द तोंडातून सुटला आणि त्यांना तो ऐकू आला. रायजीचा आवाज, त्यांच्या स्वतःच्या तोंडून.

हसुबेन दारात होत्या. "अहो, पण तो तर प्रसाद! प्रसाद कुणी खाण्यात धरतं का?"

"तेच ना," झरीनबेन हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "मी तीस घरांत विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं. औषधं विचारली, शेजाऱ्यांनी काय दिलं ते विचारलं. प्रसाद विचारला नाही. माझ्यासारख्या पारशिणीला सुचलंच नाही. दादा, तुम्हाला कळलं कधी?"

इथे जशभाईंना सोपं उत्तर देता आलं असतं: आज. त्यांनी दिलं नाही. "आठ दिवस झाले. कळल्यावरही मी लिहिलं, 'कारण समजत नाही'."

पिनलच्या हातातली बशी तशीच राहिली होती. आता ती म्हणाली, "ती खारी मी खाल्ली होती, पप्पा."

"हो."

"सगळ्यांसमोर तुम्ही..."

"हो, बेटा."

"आणि काल मी तुमच्या पायांना हात लावला. तेव्हा तरी बोलायचं."

बशी खाली ठेवून ती आत गेली. आतून काही आपटल्याचा आवाज आला नाही, रडण्याचाही नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं जशभाईंना वाटलं.

झरीनबेननी हेत्वीचं पान तपासणीतून बाजूला काढलं. फाडलं नाही, का काढलं ते त्यावर लिहून ठेवलं. मग त्यांनी बाकीच्या एकोणतीस घरांना फोन केले. आणखी चार घरांत प्रसाद निघाला. एका ठिकाणी पेढा, एका ठिकाणी शिरा. हे त्यांनी जशभाईंना मुद्दाम सांगितलं, जरा हलकं वाटावं म्हणून. वाटलं नाही. त्या चार घरांत कुणी सुनेला खोटारडी ठरवलेलं नव्हतं.

त्या आठवड्याचं रडणं गव्हाचं नव्हतं हे कळल्यावर एप्रिलअखेर पिनलनं आणंदला होकार कळवला. तपासणीचा निकाल पुढे पावसाळ्यात पत्रानं आला. उरलेल्या पंचवीस मुलांमध्ये गव्हा-दुधाचे आठवडे आणि बिनगव्हा-दुधाचे आठवडे यांत झोपेत, रडण्यात, वागण्यात काही फरक दिसला नव्हता. झरीनबेननी खाली हातानं लिहिलं होतं, 'मुलं थोडी आहेत, हाच शेवटचा शब्द असं कुणी म्हणू नये. पण हेत्वीला भाखरी आणि दूध खुशाल द्या.'

एक काम राहिलं होतं. तपासणी चालू असताना जशभाईंनी मंडळीच्या रांगेत उभं राहून पुष्कळांना ऐकवलं होतं की आहारानं नातीत फरक पडतोय, वही बोलतेय. पत्र आलं त्याच संध्याकाळी पाचला ते मंडळीत गेले. त्यांच्या जागी आता मशीन आणि एक तरुण मुलगी. रांग तशीच. त्यांनी खाकरून सगळ्यांना सांगितलं: नातीची तपासणी त्यांच्या हातून बिघडली, प्रसाद चालू होता, तो त्यांनी लिहिला नाही, कळल्यावर लपवला आणि दोष सुनेवर टाकला. आहाराबद्दल ते जे सांगत होते, ते कुणी धरून चालू नये.

बरण्यांच्या कड्या तेवढ्या वाजल्या. शेवटी मागून रायजी म्हणाला, "काका, किती होता?"

"एवढासाच होता, रायजी."

"माझं पुस्तक पंधरा दिवस बंद होतं."

"आठवतंय."

"तुमचं किती दिवस?"

दोघे-तिघे हसले. रायजी हसला नाही. त्यानं आपली बरणी पुढे सरकवली आणि नंबर लावला. जशभाईंनी रांगेला वाट करून दिली आणि ते घरी निघाले.

आता हेत्वी सकाळी शाळेच्या गाडीतून जाते आणि पंगतीत बसते. अजून बोलत नाही. पण दूध पिऊन झालं की कप उलटा करून दाखवते. संध्याकाळी सहाला आजोबांबरोबर हवेलीत जाते. मुखियाजी ठोर देतात. जशभाई तो कपाळाला लावतात, पण वाटेत देत नाहीत. हेत्वी त्यांचा हात धरून घरापर्यंत ओढत नेते. स्वयंपाकघराच्या दारात थांबून ते तळवा उघडतात आणि पिनलला दाखवतात.

आता कशालाच बंदी नाही. दाखवायचं काही कारण उरलेलं नाही. पिनल हातातलं काम थांबवून तळव्याकडे बघते आणि म्हणते, "द्या." मग ते देतात. आता दाखवू नका, असं ती अजून म्हणालेली नाही, आणि तिनं म्हणावं असं जशभाईंनाही वाटत नाही.